सकवारबाई आणि दोन खाड्यांची कालवं

सकवारबाईंचं माहेर देवगडकडच्या एका खाडीकाठी. ओहोटी लागली की आई कातळावरची कालवं फोडायला निघायची आणि एखादं तिथल्या तिथे लेकीच्या तोंडात टाकायची. लहानसं, घट्ट, जिभेला तांब्याच्या भांड्यासारखं लागणारं. लग्न होऊन त्या चेन्नईजवळच्या आवडी गावी आल्या, नवरा तिथल्या सरकारी कारखान्यात फिटर. क्वार्टर्सच्या आसपास समुद्र नाही, भाषा कळेना, आणि बाजारात मासळी मिळाली तरी कालवं कुठेच नाहीत.

हातावर हात ठेवून बसणारी ही बाई नव्हे. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये चौकशी करत, लोकलने सेंट्रल आणि पुढे बस पकडून त्या एक दिवस मुट्टुकाडूच्या खाडीवर पोचल्या. जननी नावाची एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पायांनी कालवं चाचपत होती. सकवारबाईंनी सरळ साडी खोचली आणि पाण्यात उतरल्या. जननी आधी घाबरली, मग हसली. त्या दिवसापासून ती त्यांना ‘अक्का’ म्हणू लागली.

इथली कालवं कोकणातल्यापेक्षा मोठी, मऊ आणि गोडसर होती. पहिल्यांदा सकवारबाईंचा हिरमोडच झाला. पण वीस-बावीस वर्षं येत-जात राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की चव जितकी कालवाची, तितकीच पाण्याची. उन्हाळ्यात वाळू साचून खाडीचं तोंड बुजतं, पाणी आटतं आणि कालव खारट होतं. तमिळ ऐपशी-कार्तिकेत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस झोडपून गेला की तेच कालव अळणी. पुलिकतच्या सरोवरातलं आणखी वेगळं, मागाहून काकडीसारखा वास देणारं. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. खाल्लं आणि लक्षात ठेवलं.

त्या साठ वर्षांच्या झाल्या तेव्हा मुलगा अक्षत त्यांना बेझंट नगरातल्या एका छोट्या हॉटेलात घेऊन गेला. बर्फावर मांडलेली कच्ची कालवं आली, दोन ताटल्या. वाढणारा म्हणाला, “ही मुट्टुकाडूची, ही पुलिकतची.”

सकवारबाईंनी दोन्हीकडचं एकेक खाल्लं. घोटभर पाणी पिऊन पुन्हा खाल्लं.

“दोन्ही एकाच खाडीतली आहेत,” त्या म्हणाल्या. “ही तोंडाजवळची, ही आतली. पुलिकतचं यात एकही नाही.”

“आई, हळू बोल ना,” अक्षत पुटपुटला. पण शेजारच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी ते ऐकलं होतं. देविका मूळची पुण्याची, मराठी तिला कळणारच.

“काकू, माझा माल ठरलेल्या माणसाकडून येतो,” ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

“येत असेल. तो काय सांगतो ते मला ठाऊक नाही, कालव काय सांगतं तेवढंच मी सांगितलं.”

देविकाला ते लागून राहिलं. तिने अक्षतकडून फोन नंबर घेतला आणि पुढच्या आठवड्यात सकवारबाईंना बोलावलं. सहा ताटल्या, एकीवरही नाव नाही. यातल्या चार ताटल्यांतली कालवं देविकाने स्वतः वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन आणली होती. सकवारबाई खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि सावकाश एकेक चाखत गेल्या. पहिल्या दोन ताटल्या मुट्टुकाडूच्या. तिसरी पुलिकतची. चौथी पुन्हा मुट्टुकाडूची, “पण दोन दिवस शिळी, ही कुणाला देऊ नका.” पाचवी तुतिकोरिनकडची, अक्षतच्या लग्नाआधी त्या तिकडे एकदा गेल्या होत्या.

सहावीपाशी त्या थांबल्या. पुन्हा खाल्लं. डोळे मिटले.

“हे मला नाही माहीत.”

“अंदाज?”

“अंदाज कशाला? हे पाणी मी कधी चाखलंच नाही.”

ते केरळातून मागवलेलं होतं. देविका खुर्ची ओढून समोर बसली. त्या पाच अचूक उत्तरांपेक्षा या एका नकाराने तिचा विश्वास बसला, असं तिने नंतर अक्षतला सांगितलं. माल पुरवणाऱ्याला विचारल्यावर त्यानेही कबूल केलं, पुलिकतला गाडी पाठवणं त्याने केव्हाच बंद केलं होतं.

“काकू, माझ्याकडे याल का? चाखायला?”

“येईन. पण माल मुट्टुकाडूच्या जननीकडून घ्यायचा. आणि ती जिथून आणेल त्याच जागेचं नाव हॉटेलातल्या फळ्यावर लिहायचं.”

तसंच झालं. जननीची कालवं आता आधी स्वच्छ पाण्यात ठेवली जातात, तपासली जातात आणि मगच ताटलीत येतात. दर गुरुवारी सकवारबाई आवडीहून येतात. ‘सकवारबाईंची निवड’ असं फळ्यावर लिहायची देविकाची फार इच्छा होती. त्यांनी साफ नकार दिला. “मी खाते फक्त. पाण्यात ती उभी राहते,” म्हणाल्या. म्हणून फळ्यावर जननीचं नाव आहे.

गेल्या ऑक्टोबरात पावसाने झोडपलं तेव्हा एकच कालव चाखून सकवारबाईंनी ताटली बाजूला सारली. “आता पोंगलपर्यंत कच्चं बंद.” गिऱ्हाइकं कुरकुरली, देविकाही जरा चुळबुळली, पण तिने बंद केलं. ते दोन-अडीच महिने सकवारबाईंनी तिच्या स्वयंपाक्याला कालवांचं कांदा-कोकमातलं सुकं शिकवलं, आणि ते खायला जननी घरच्या सगळ्यांना घेऊन आली.