अकरा एक

धुळ्यात आमच्या शेजारी एक अक्का राहतात. गणिताच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. दुपारचं जेवण उरकलं की ओसरीच्या फरशीवर खडूने ओळीत अकरा वेळा एक, ११११११११११११ असं न होता नेमकं १११११११११११, लिहायच्या आणि त्या आकड्याला एकेका मूळ संख्येने भागत बसायच्या. सात, अकरा, तेरा करत करत त्या हजारांच्या पुढे गेल्या होत्या. बाकी उरली की त्यांच्या अहिराणीत "हट्टी शे!" म्हणायच्या आणि पुसून टाकायच्या.

एकदा मी मोबाईलवर उत्तर पाहिलं आणि म्हणालो, "अक्का, हा आकडा फुटतो, त्याला भाग जातो."

त्यांनी लगेच हात वर केला. "कशाने ते सांगू नको. माले शोधू दे."

मी मोबाईल खिशात ठेवला. बरेच महिने गेले. परवा भिंतीपलीकडून हाक आली, "भाऊ, फुटना!"

जाऊन पाहिलं. आकडा खरंच फुटला होता: २१,६४९ ने भागलं होतं, बाकी शून्य. उत्तर बरोबर होतं. मी टाळ्या वाजवल्या. अक्का हसल्या आणि मग कितीतरी वेळ खडू बोटांत फिरवत राहिल्या.

"आते दुपारले मी काय करू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो.