सात नंबरचा डबा

माझी यादी आयुष्यात एकदाच चुकली, आणि त्या एका चुकीपायी बेलापुरातल्या एका बाळकृष्णाला बसल्या जागेवरून उठवावं लागलं.

आधी याद्यांबद्दल सांगते. माझ्याकडे कायम एक वही असते. तीत वाण्याची यादी, धोब्याची यादी, कुणाच्या लग्नात कुणाला काय दिलं त्याची यादी. (पापडसुद्धा मोजून वाळत घालते आणि मोजून उचलते. चिमण्यांना सूट नाही.) काम पुरं झालं की पुढे बरोबरची खूण. मात्र वहीच्या शेवटच्या पानावर एक खासगी यादी होती: 'ह्यांनी सुरू केलेल्या गोष्टी'. बासरी, मधमाश्या, होमिओपॅथी, गुलाबाची कलमं, असे चौदा क्रमांक. आणि खुणा? एकही नाही! आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे. स्वभाव इतका गोड की रागवायला गेलं तर आपणच ओशाळावं. पण हाती घेतलेलं काम पुरं होईल तर शपथ! सगळे नातेवाईक त्यावरून हसायचे, आणि हेही त्यांच्याबरोबर हसायचे. ते हसणं मला फार लागायचं.

पंधरावा क्रमांक जीपचा.

बांगलादेशची लढाई संपल्यानंतरचा उन्हाळा होता. भिंगारला लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव निघाला. हे शाळेसाठी लाकडी कपाट बघायला गेले आणि संध्याकाळी बैलगाडीबरोबर परत आले. बैलगाडीच्या मागे दोराने जीप बांधलेली. जीपमध्ये इंजिन नव्हतं. इंजिन बैलगाडीत बसून आलं होतं!

"अहो, कपाट?"

"अगं, हे इंजिन बघ! डिझेलचं, परदेशी. आणि टर्बो आहे त्याला!"

"टर्बो म्हणजे काय?"

"ते... विचारून सांगतो."

विचारायला हे गेले भिंगारच्या सुभेदार कदमांकडे. सुभेदार लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेले. घरामागे पत्र्याची मोठी शेड. दर रविवारी तिथे मोटारींचं वेड लागलेली पाच-सहा माणसं जमत. त्यांत एक दाताचे डॉक्टर होते, त्यांची मोटार फक्त उतारावरच सुरू व्हायची, म्हणून त्यांनी घरही उतारावरच घेतलं होतं. या मंडळींनी मोटार मंडळ काढलं होतं आणि त्याचा नियम एकच: स्वतः जुळवलेली गाडी डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालापर्यंतचा चढ न थांबता, न ढकलता चढली पाहिजे. चढली की सभासद. तोपर्यंत उमेदवार. आणि मृग लागायच्या आदल्या रविवारपर्यंत गाडी चढली नाही, तर उमेदवाराने शेडमधली जागा रिकामी करायची.

"वहिनी, टर्बो म्हंजे साधी गोष्ट हाय," सुभेदारांनी मला समजावलं. "इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा कोंबून इंजिनाला पाजतं. ते नसलं तर तुमची गाडी सपाटीला पळंल, अन् चढाला बसंल."

मी शेडमध्ये गेले होते ती फक्त ह्यांचा डबा द्यायला. पण बघते तर इंजिन सुटं करून वर्तमानपत्रांवर पसरलेलं, आणि हे म्हणताहेत, "राहील की लक्षात!" माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी मी बिस्किटांचे बारा रिकामे पत्र्याचे डबे आणले, लाल रंगाने एक ते बारा आकडे घातले आणि इंजिनाचा प्रत्येक तुकडा रॉकेलने धुऊन, दोऱ्याने चिठ्ठी बांधून डब्यांत लावला. वहीत नोंद केली. सुभेदारांनी वही चाळली आणि चक्क सलाम ठोकला.

"वहिनी, तुमी फौजेत पायजे हुता. स्टोअरमधला एक नट हरवला नसता!"

(हे वाक्य मी त्या आठवड्यात अकरा जणांना सांगितलं. यादी आहे.)

तेव्हापासून दर रविवारी मीही शेडमध्ये. हे नटबोल्टांवर पाने फिरवत, सुभेदार ओरडत, डॉक्टर चहा सांडत, आणि मी "चार नंबरमधली तिसरी वस्तू!" म्हणून हातात ठेवत असे. सात नंबरच्या डब्यात ते हवा पाजणारं चाक होतं. तळहाताएवढं, पांढऱ्या धातूचं, वळणदार पात्यांचं. सुभेदार म्हणाले होते, "अंड्यावानी जपा. एक पातं वाकलं तर खेळ खल्लास." म्हणून ते चिंच लावून लखलखीत घासलं, कापसात ठेवलं, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि डबा शेडमध्ये न ठेवता घरी आणला.

तेवढ्यात ह्यांच्या भाचीचं, शैलाचं लग्न ठरलं. लग्न गुरुवारी, मुलाच्या गावी, बेलापूरला. रुखवताची जबाबदारी अर्थातच माझ्याकडे. डाळींचं तुळशीवृंदावन, करवंटीचं कासव, साबणाचं कमळ. ते कमळ मी स्वतः कोरलं होतं. सगळं नाजूक, तेव्हा डबे आलेच. त्याच दुकानातले बिस्किटांचे बारा डबे, तोच लाल रंग, एक ते बारा. कमळ सातव्यात, कापसात, वर क्रोशाचा रुमाल. दोन्हीकडे सारखेच आकडे आहेत यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट शिस्त वाटली!

गुरुवारी सकाळी टेम्पो दारात उभा राहून भोंगा वाजवत होता. मी स्वयंपाकघरातून यादी वाचत होते, हे बाहेर डबे चढवत होते.

"सहा?"

"ठेवला!"

"सात?"

"ठेवला!"

मी खूण केली. खूण केली की माझ्या दृष्टीने ती वस्तू जगात योग्य जागी असते.

बेलापूरला मांडवात ही गर्दी! रुखवत मुलींनी मांडलं. मी लांब, हातात वही घेऊन, कुणाला किती लाडू गेले ते बघतेय. नवऱ्यामुलाची गोदाआत्या आली. ठसठशीत कुंकू, कमरेला खोचलेला पदर. सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं.

"विहीनबाई, ते कमळ कुनी केलं वो?"

मी कमळाकडे पाहिलं का? नाही! मी वहीत पाहिलं. डबा सात, कमळ.

"मीच केलं! साबणाचं आहे. पाण्यापासून जपा हं."

"साबन? लई जड हाय की गं बाय!"

"चांगला साबण जडच असतो," मी म्हटलं आणि लाडवांकडे वळले.

शनिवारी आम्ही शेडमध्ये हजर. रविवारी चढ, आणि मृगाआधीचा तो शेवटचाच रविवार! सगळं इंजिन जुळलं होतं, राहिलं होतं फक्त ते चाक. ह्यांनी घरून आणलेला सात नंबरचा डबा उघडला. चष्मा कपाळावर, नजर सुभेदारांकडे, हात डब्यात.

"बसतंय!" हे आनंदाने ओरडले. "काय अलगद बसतंय हो! लोण्यासारखं!"

"लोन्यावानी बसायला नगं," सुभेदार पुटपुटले आणि वाकून बघू लागले. दांड्यावर माझं कमळ होतं. निम्मं. उरलेलं निम्मं ह्यांच्या बोटांत.

डॉक्टरांनी नाक वर केलं. "वास मात्र छान येतोय."

"वहिनी," सुभेदार म्हणाले, "ह्यानं इंजिनाची फार तर आंघूळ हुईल."

"अशक्य!" मी वही उघडली. "हे बघा. सात नंबर, चाक! माझी यादी चुकत नाही."

"वही बराबर हाय, वहिनी. डब्याला वाचता येत न्हाई, त्याला कोन काय करनार?"

आणि मग मला आठवलं, 'चांगला साबण जडच असतो'. मी तिथल्याच टायरवर बसले. ह्यांनी कमळाचा चुरा बोटांवरून झटकला. हात पुसले, जीपकडे बघितलं आणि नेहमीसारखे हसले.

"जाऊ दे गं. चौदा राहिल्या, ही पंधरावी."

म्हणजे ह्यांना ते शेवटचं पान माहीत होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर ह्यांची कामं ह्यांच्या हातून राहिली, हे एक माझ्या हातून राहणार होतं. मी उठले. वहीत लिहिलं: '१. बेलापूर. २. चाक. ३. परत.' आणि ह्यांना घेऊन दुपारच्या एसटीत बसले.

गोदाआत्याने गूळपाणी दिलं आणि आपणहून देवघर दाखवायला नेलं. पाहते तर काय! लाल वस्त्रावर आमचं चाक, हळदकुंकू वाहिलेलं, आणि त्यावर पितळी बाळकृष्ण. चाकाच्या मधल्या भोकात बाळकृष्णाच्या बैठकीचा खुंट असा बसला होता, की जणू मापाने घडवलाय.

"साबन न्हाई हां ते," आत्या हळूच म्हणाली. "मी पान्यात घालून बघितलं. चांदी हाय व्हय? एवढं कशाला वो केलंत?"

मी सगळं सांगितलं. डबे, आकडे, टेम्पो, कमळाचा दांड्यावर झालेला अंत. आत्याने शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"तुमची गाडी ऱ्हाईली तर ऱ्हाईली. पर बसल्या देवाला उठवून भुईवर ठिवू व्हय मी?"

माझ्या यादीत यावर काहीच नव्हतं. तेव्हा हे पुढे झाले आणि खिशात हात घातला. (ह्यांच्या खिशात काय नसतं! खडू, खिळे, सुपाऱ्या. मी कितीदा ओरडले असेन.) त्यांनी इंजिनातलं जुनं, बाद झालेलं एक दातेरी चाक काढलं.

"आत्याबाई, मी चित्रकलेचा मास्तर. आजवर देवांची शंभर चित्रं काढली असतील. कमळ असतं लक्ष्मीचं. कृष्णाचं काय असतं?"

"चक्र," आत्या म्हणाली.

"मग हे घ्या. घासून लखलखीत करून देतो. आत्ता, इथे बसून."

आणि बसले की खरंच! राख, चिंच, चिंधी. मी घड्याळ बघत होते. मधे उठले नाहीत, चहाला थांबले नाहीत. शेवटी ते दातेरी चाक आरशासारखं झालं. आत्याने बाळकृष्ण हाताने उचलला, चक्रावर ठेवला, दोन पावलं मागे सरून पाहिला.

"शोभतो बया." मग माझ्याकडे वळली. "न्या तुमचं चाक. पर एक हाय. देव बसला हुता त्याच्यावर. आता त्यानं चढ चढलाच पायजे. अन् चढतो का न्हाई, ते मी सोता येऊन बघनार. देवाला घिऊन!"

रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही चौघं भिंगारला आलो (बाळकृष्ण धरून). सुभेदारांनी एकेक पातं उन्हात धरून तपासलं. "एक बी वाकलं न्हाई. देवानं वजन सांभाळून ठिवलेलं दिसतंय." चाक बसलं. दुपारी जीप निघाली. हे चालवायला, शेजारी सुभेदार, मागे मी, पाण्याचा डबा आणि मांडीवर बाळकृष्ण घेतलेली गोदाआत्या. डॉक्टर मोटार घेऊन आधीच वर गेले होते. (चढाच्या पायथ्याशी त्यांनी ती बंद म्हणून केली नव्हती. काय सांगावं!)

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्यावर इंजिन कण्हायला लागलं. जीपची चाल इतकी मंदावली, की बाजूने चाललेली एक शेळी आम्हाला गाठून पुढे गेली!

"थांबू नका, मास्तर!" सुभेदार ओरडले. "दाबा! दाबा!"

"दाबतोय हो!" ह्यांचा आवाज रडवेला झाला. मी वही छातीशी धरून डोळे मिटले.

आणि पुढून एक बारीक शिट्टी ऐकू आली. मग मोठी. मग जीपने मागून कुणी ढकलावं तशी उसळी घेतली.

"देव बोलला!" आत्या किंचाळली.

"टर्बो बोलला, आत्याबाई!"

"एकच की ते!"

शेळी मागे पडली. महाल आला. हे खाली उतरले आणि जीपभोवती फिरून फिरून तिला बघत राहिले. सुभेदारांनी मंडळाच्या रजिस्टरात तिथल्या तिथे ह्यांचं नाव घातलं आणि त्याखाली, न विचारता, माझंही. मी लगेच कामाला लागले. आभाळ भरून येत होतं. परतीची यादी केली. देव, आत्या, पाण्याचा डबा, हवेचा पंप, पाने, पुऱ्यांचा रिकामा डबा. सगळ्यांपुढे खुणा. सुभेदार म्हणाले, "उतरताना मी चालवतो, बिरेक बघतो जरा." मी म्हटलं, "चला!"

भिंगारला शेडमध्ये पेढे आले. मी वहीचं शेवटचं पान उघडलं. पंधरावा क्रमांक, जीप. इतक्या वर्षांची पहिली खूण!

"अहो, जरा पेन देता का?"

कुणी पेन दिलं नाही.

गोदाआत्याने इकडेतिकडे बघितलं. "विहीनबाई, पाव्हनं कुठं हायत?"

पाव्हणे वर महालाच्या मागे बसून जीपचं चित्र काढत होते. अर्ध्या तासाने डॉक्टरांच्या मोटारीतून खाली आले. उतार होता म्हणून मोटार लगेच सुरू झाली म्हणे. हातात चित्र. अर्धं. मी तोंड उघडण्याआधीच ह्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मी यादीत नव्हतो का गं?"

मी खूण केली. चांगली ठसठशीत.

आता जीप मीच चालवते. सुभेदारांनी शिकवलं. आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक यादीत पहिला क्रमांक ठरलेला असतो: '१. हे.' गेल्या महिन्यात राळेगणसिद्धीला निघाले. सगळं जीपमध्ये भरलं आणि वेशीबाहेर गेल्यावर लक्षात आलं, की यादीच घरी राहिली! चरफडत जीप वळवून घरी आले, तर दारात हे उभे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात यादी.

"पहिला क्रमांक वाच," हे म्हणाले.