शाळेच्या दारातलं गाऱ्हाणं

अगो, अशी जवळ सरक, हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही. पण आधी तुला दोन शब्द ऐकवते. पोराला शाळेत सोडताना हातात बिस्कीट द्यायचं आणि त्याची पाठ वळली की तू मागच्या दाराने पळायचं, ही कुठली रीत? मग तो दुसऱ्या दिवशी पाय कसा ठेवील वर्गात? मी अशी पळाले नाही. म्हणून फसले, पण ते ऐक.

गेल्या जूनमध्ये माझी नात पहिलीत गेली. अंगणवाडी घरासमोर होती, तिथून तिला मी दिसायचे. शाळा वहाळापलीकडे, ओढा ओलांडून जायचं. दोन दिवस ती दारातूनच माझा पदर धरून परत आली. सुनेने सांगून टाकलं, "आई, ह्या आठवड्यात पोरगी रमली नाय, तर आमी कुडाळाक खोली घेतंव. थंयच शाळेत घालूया." मुलगा नोकरीला तिथेच, म्हणजे तिघंही जाणार. मग मी बोलू कुणाशी, कोंबड्यांशी?

तिसऱ्या दिवशी मी युक्ती केली. आमच्याकडे होडी लोटायची असो की घराचा पाया खणायचा असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. एकदा होय म्हटलं की ते फिरवायचं नाही. हे काम पुरुषांचं, पण दारात होते कोण? मी आणि पहिलीतली पोरं. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू, माझी नात, आज शाळेत बसता हा, तेका सांभाळून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." पोरं कसली खूश.

"बाईंचो राग वायच कमी कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." हे जरा जास्तच जोरात. बाई घाटावरच्या, त्यांना हे गाऱ्हाणं नवीन, त्या दारात येऊन बघतच राहिल्या.

"आणि आजयेक आता घराक जावक मेळांदे रे म्हाराजा."

"नाय म्हाराजा," नात म्हणाली. आणि स्वतःच हात जोडून उभी राहिली. "बा देवा म्हाराजा, माझी आजी भायर पडवीत बसांदे. घराक गेली तर तिचे पाय मोडांदेत रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा वर्ग.

आता काय करशील? माझे गुडघे आधीच दुखरे, त्यात देवाशी कोण वैर घेईल? बसले पडवीत. नात मात्र मुकाट वर्गात गेली. खिचडी शिजवणाऱ्या बाईने माझ्यापुढे तांदळाने भरलेलं सूप ठेवलं, "बसलासच हा तर निवडा." नात दर दोन मिनिटांनी खिडकीतून बघायची, मी आहे ना.

दोन दिवस असे गेले. पण नुसतं बसायला मला जमतंय होय? बाईंनी तिला विचारलं, पाच आणि दोन किती, की मी खिडकीतून सात बोटं दाखवायची. बाई म्हणाल्या, "आजी, परीक्षा तुमची नाही." मी बोटं खाली घेतली आणि खोकून दाखवलं, सात वेळा.

सुट्टीत नात बाहेर आली, कमरेवर हात.

"आज्ये, तू आता घराक जा. तुझ्यामुळे बाई माका वरडतत."

"आणि माझ्या पायांचा काय? देवाक सांगलंस ना?"

"मी बोललंय तेच्याकडे. तो जा म्हणालो."

मागे वळून न बघता ती मैत्रिणींकडे पळाली. मी तांदूळ अर्धे टाकून घरी आले. सुनेला म्हटलं, खोलीचं राहू दे आता. ती हसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

तेव्हा तुझ्या पोराला सांगून जा, आणि जमलं तर थोडी बस बाहेर. रडला तर रडू दे, तू तोंड लपवू नकोस. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी त्याला घेऊन इकडेच ये. नातीला सांगून ठेवते. आणि राहायच्या तयारीनेच ये, गेल्या वेळेसारखी चहा पिऊन पळू नकोस.