पेनड्राइव्हला येणारा सुकटीचा वास

आज खण आवरताना जुना पेनड्राइव्ह हाती लागला. त्याला अजून सुकटीचा वास येतो, आणि तो आला की मला अलिबागच्या नोकरीतली ती दुपार आठवते.

रेवदंड्याला घरच्या लिनक्सवर मी होड्यांना बर्फ देण्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम लिहिला होता. तो याच पेनड्राइव्हवर घालून आईने दिलेल्या सुकटीच्या पिशवीतून नेला. ऑफिसात साहेबांच्या कॉम्प्युटरवरही लिनक्सच होतं, तरी तो चालेना. पडद्यावर आलं, परवानगी नाही. सगळ्यांसमोर नाक दाबून साहेब म्हणाले, "आधी हात धुऊन ये. बाजारात मासळी विकण्याइतकं सोपं नसतं हे."

कारण मला संध्याकाळी कळलं. विंडोजसाठी फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह फाईल नेतो, पण ती चालवायची परवानगी वाटेतच गळते. फाईल कॉम्प्युटरवर उतरवून एका ओळीची कमांड दिली की परत मिळते. मी दिली, प्रोग्रॅम चालला, आणि साहेबांनी त्यावर स्वतःचं नाव घातलं.

मग वरच्या अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन तो दाखवायची दुपार आली. आम्ही निघताना साहेब म्हणाले, "तुझा पेनड्राइव्ह दे जरा." तिथल्या लिनक्सवर काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. मी मुकाट्याने दिला.

पडद्यावर तेच शब्द उमटले. घामाघूम साहेब माझ्याकडे वळले.

"साहेब, आधी हात धुऊन या," मी म्हटलं.

तेव्हा वाटलं होतं, वय वाढलं की या वागण्याची लाज वाटेल. आज पेनड्राइव्ह नाकाशी धरून बघितला. नाही वाटली.