लाकडं फोडायच्या यंत्राची नळी

आमच्या वखारीत ते यंत्र आलं तेव्हा सगळा गाव लोटला होता बघायला. माझे थोरले दीर आगबोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला होते. ती नोकरी सुटल्यावर मुंबईच्या गोदीतल्या भंगारातून त्यांनी हे धूड उचललं आणि लॉरीत घालून मालवणला आणलं. एका टोकाला तेलाचा हातपंप, दुसऱ्या टोकाला लोखंडी दट्ट्या आणि दोघांना जोडणारी अंगठ्याएवढी जाड रबराची नळी. पंपाचा दांडा मारला की तेलाचा दाब नळीतून दट्ट्यात जायचा, दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर रेटायचा आणि घणाला दाद न देणारा किंजळीचा ओंडका मुकाट्यानं दुभंगायचा. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू! आमचे हे रोज घण मारून संध्याकाळी खांदा धरून बसत. ते तरी आता थांबेल असं वाटलं.

पण विहिरीवर जाता-येता माझी नजर त्या नळीवर पडायची. एका जागी तिला बोराएवढा फुगा आला होता. दाब आला की तो वर यायचा, दाब गेला की बसायचा. सायकलच्या टायरातून ट्यूब अशी डोकावायला लागली की पुढे काय होतं ते शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या वखारीतल्या दोन मिशाळ पुरुषांना काही ते कळत नव्हतं.

त्या काळी आमच्याकडे भावजय थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलत नसे. काय सांगायचं ते नवऱ्याच्या तोंडून. म्हणून मी ह्यांच्या मागे लागले.

"भावजींका सांगा, नवी नळी आणा म्हणान. तवसर घणानच फोडा."

"सांगतंय गो," हे म्हणाले.

नवी नळी काही आली नाही. फुगा होता तिथून तेल पाझरू लागलं, तेव्हा भावजींनी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली. ट्यूब भिजली तेव्हा वरून काथ्या आवळला आणि त्यावर राळ थापली. होडीच्या फटी बुजवतात तसं सगळं यथासांग केलं. आता आत काय चाललंय ते बघायचीही सोय उरली नाही. मी पुन्हा ह्यांना सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. दर खेपेला "सांगतंय गो." आणि भावजी वखारीत आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "आगबोटीर असल्यो नळ्यो वर्सांनवर्सां चलतत!" मला वाटायचं, हा टोमणा मलाच आहे. मी सांगून पाठवते आणि हा माणूस कानामागे टाकतो. चुलीपाशी बसून मी दात-ओठ खायचे.

एका सकाळी दट्ट्या अर्ध्यावर अडला. तेल कमी होत होतं, पण ओघळ कुठे दिसेना.

"खंय गळता बघ रे," भावजी पंपावरून ओरडले आणि दांडा मारत राहिले.

ह्यांनी नळीवरून तळवा फिरवला. ह्यांचे बाप-आजे गलबतांवरचे. गलबतात पाणी शिरलं की काळोखात फळ्यांवरून हात फिरवायचा, गार लागेल तिथे कापूस नि राळ ठोकायची, हे त्या घराच्या रक्तातच होतं. पण गलबताच्या फटीतून पाणी झिरपतं. ह्या नळीतून तेल सुईसारखं सुटत होतं, डोळ्यांना न दिसणारं.

हे एकदम हात झटकून मागे आले. मी धावत गेले. पहिल्या बोटाच्या पेरावर एक लालसर ठिपका, बस. रक्ताचा थेंबही नाही.

"शिंगाळ्याच्या काट्यासारख्या दुखता?" भावजींनी विचारलं. "मगे शेकय बरो."

आमच्याकडे शिंगाळ्यासारख्या मासळीचा काटा लागला की गरम पाण्यात हात बुडवतात. तेच केलं. तेल कातडीखाली शिरलेलं, आणि आम्ही वरून शेक देतोय! दुपारपर्यंत बोट पांढरं पडलं, तिन्हीसांजेला हात मनगटापर्यंत सुजला. मी म्हणत होते, आत्ता निघूया. सगळे म्हणत होते, टोचलंय नुसतं, उतरेल उद्या. उद्या काही उतरलं नाही, बोट काळं पडायला लागलं. तेव्हा कुठे बसमध्ये बसलो. आंबोलीचा घाट चढताना हे खिडकीच्या गजावर कपाळ टेकून कण्हत होते आणि मी मनातल्या मनात भावजींचा उद्धार करत होते.

बेळगावच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. असल्या नळीतलं तेल इंजेक्शनासारखं आत घुसतं, म्हणाले; जखम दिसत नाही म्हणून फसू नये, त्याच तासाला यायला हवं होतं. गळती बघायची तर आधी दाब उतरवावा, आणि हात तर कधीच लावू नये, लांबून पुठ्ठा धरावा. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, पण तो वळेना.

आम्ही परत आलो तर वखारीत यंत्र चालूच! नळीवर काथ्याचा आणखी एक थर चढला होता. चार दिवस गेले असतील-नसतील, मी अंगणात आले तर भावजी नुकतेच पंपाकडे निघालेले, आणि आमचे हे नळीशी वाकून डाव्या हातानं तो काथ्या चाचपत होते.

माझं डोकं फिरलं. नळीत अजून दाब आला नव्हता. मी लाकडात रुतवलेला कोयता उपसला, नळी जमिनीवर दाबली आणि दोन घावांत तोडली. तेल माझ्या पायांवरून वाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी थोरल्या दिराच्या तोंडाकडे बघून बोलले, "भावजीनूं, ह्यो हात तरी ऱ्हवांदेत!"

ते गोंधळले. "पण माका आधी कोणी कायच सांगूक नाय," एवढंच म्हणाले. मला ते धडधडीत खोटं वाटलं.

दुपारी मी ह्यांचं ताट घेऊन आतल्या खोलीत बसले. डाव्या हातानं जेवायला हे तयार नव्हते आणि उजव्या हातात घास धरवत नव्हता, म्हणून मीच भरवायचे. माशातले काटे काढून भात कालवला आणि विचारलं, "तुमी भावजींका नळीचा सांगलात मां?"

ह्यांनी मान खाली घातली.

"एकदाव नाय?"

"दादाक कसा सांगू गो?"

कालवलेला घास माझ्या हातात तसाच होता. तो ताटात आपटावा, ताट उंबऱ्याबाहेर भिरकावून द्यावं, असा संताप माझ्या डोक्यात गेला. ह्यांनी मान वर केली आणि तोंड उघडलं. मी घास भरवला.