दोन पेरांची कुट्टी

बकरी ईदसाठी अब्बांनी कोकरू आणलं ते एसटीने. स्वारगेटपर्यंत ते त्यांच्या मांडीवरच होतं. कंडक्टरने अर्धं तिकीट काढायचं म्हणून त्याचं वय विचारलं. अब्बा सरळमार्गी कारकून, खोटं बोलण्याची सवय नाही. "चार महिने," म्हणाले.

खरी अडचण तीच होती. कुर्बानीला मेंढरू वर्षाचं लागतं. सहा महिन्यांचंही चालतं, पण वर्षाच्या मेंढरांत सोडलं तर ते वेगळं ओळखू येता कामा नये. ईद अडीच महिन्यांवर होती, म्हणजे तोवर या कोकराला थोराड दिसायचं होतं. शिवाय "यंदा घरी वाढवलेलं" असं अब्बा मशिदीत आधीच सांगून बसले होते.

"कोण करणार त्याचं?" अम्मीने कडाडून विचारलं, आणि त्याच संध्याकाळपासून तीच करू लागली.

कोकरू कडब्याची पानं खाई आणि धांडे सोडून देई. पोह्यांतले दाणे वेचून पोहे टाकणारं लाडावलेलं पोरच. अंग काही धरेना. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, त्याला निवडायला देताच कशाला? बारीक करून घाला." अब्बांना पटलं, आणि एकदा पटलं की त्यांना आवरणं कठीण. बारीक चांगलं तर पीठ त्याहून चांगलं, म्हणून कडब्याचं पोतं घेऊन ते थेट पिठाच्या गिरणीत गेले.

गिरणीवाला शांतपणे म्हणाला, "दळतो की. फक्त कडब्यावर कोणाच्या घरचे गहू टाकू, तेवढं सांगून जा."

मग अब्बांनी घरीच उखळात कडबा कुटला, अगदी भुकटी होईपर्यंत. कोकराने ती मिटक्या मारत खाल्ली. चावायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे रवंथ बंद. दोन दिवसांत पोट टम्म फुगलं आणि ते आडवं पडलं. आजारी जनावर कुर्बानीला चालत नाही. अब्बांना ईदची काळजी, अम्मीला कोकराची. तिने त्याला ओव्याचं पाणी पाजलं, पोट चोळलं, अब्बांना नको ते ऐकवलं आणि कोयता स्वतःच्या हातात घेतला.

ती कडब्याची कुट्टी करी, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे. वेचता येऊ नये इतके आखूड, पण चावावे लागतील इतके लांब. कोकरू धांड्यांसकट सगळं फस्त करू लागलं, दुपारभर डोळे मिटून रवंथ करू लागलं, आणि बघता बघता भरलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला अम्मी त्याची पाठ दाबून बघायला लावायची. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती.

ईदच्या आधी मशिदीतले एक बुजुर्ग बघायला आले. कोकराभोवती एक फेरी मारून म्हणाले, "माशाल्लाह, चांगलं वर्षाचं दिसतंय. कोणी वाढवलं?"

अब्बांनी कधी नव्हे ते मोठ्या मनाने अम्मीकडे बोट केलं. ती कुट्टी करत बसली होती. तिचा हात थांबला.

"नाही चाचा, लहान आहे ते," ती म्हणाली. "नीट बघा ना. लहानच आहे."

त्यांनी पुन्हा पाठीवरून हात फिरवला. "नाही बेटी," ते कौतुकाने म्हणाले, "तू फार छान वाढवलंयस."