तांबेरावाले भाऊजी

रोग दिसला की ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस देवाने एकच घडवला असावा, आणि तो दोन हिवाळे आमच्या घरी राहिला. माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा, म्हणजे माझे दीर. मी त्यांना नुसतं भाऊजी म्हणायची, पण आमच्या क्वार्टरांच्या रांगेत त्यांचं नाव तांबेरावाले भाऊजी असंच पडलं होतं. ते नागपूरच्या कॉलेजातून डॉक्टर व्हायला निघाले होते. ही डॉक्टरकी सुई-औषधाची नव्हे, झाडांच्या रोगांवर मोठा प्रबंध लिहायची, हे कोणाच्या डोक्यात शिरत नसे. शेजारीण एकदा मुलीचा दुखरा कान दाखवायला आली. भाऊजींनी मुलीला उजेडात नेलं, खिशातलं भिंग लावून कान आतपर्यंत पाहिला आणि खिन्न होऊन म्हणाले, "याच्यात बुरशी नाही, ताई. मले यातलं काही समजत नाही."

तेव्हा भिलाईत कारखाना उभा राहत होता. जिकडे तिकडे लाल मातीचे ढिगारे, ट्रक आणि ठोकाठोकी. माणसं भट्टीबद्दल बोलत, क्रेनबद्दल बोलत, रशियन साहेबांच्या बायकांच्या टोप्यांबद्दल बोलत. आमचे हे फिटर. घरी जेवतानाही त्यांच्या तोंडी नटबोल्ट असायचे. एवढ्या लोखंडाच्या गर्दीत हा एक माणूस सायकलच्या हँडलला जवसाची पेंढी बांधून हिंडे. कधी जामुलकडे, कधी अहिवाऱ्याकडे, जिथे धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, जवस दिसेल तिथे उतरे. जवसाची निळी फुलं पाहून कोणालाही बरं वाटतं. भाऊजी फुलांकडे बघतही नसत. ते पान उलटून बघत, आणि त्यावर विटेच्या भुकटीसारखा तांबेरा दिसला, आमच्याकडे ज्याला गेरवा म्हणतात तो, की लग्नघरी आल्यासारखे खुलत. शेतवाला कपाळाला हात लावून उभा, आणि हे म्हणत, "वा! काय सुंदर लागला आहे!" एका गावातून त्यांना त्यापायी सायकल टाकून पळावं लागलं होतं. सुपेल्याच्या बाजारात तर ते कीड-बुरशीचीच वांगी निवडून घेत. भाजीवाली लांबूनच ओरडायची, "ए दे, सरहा भाजी वाला बाबू आगे!" सडक्या भाजीचा बाबू आला, असं. मी पदर तोंडावर ओढून दुसऱ्या ओळीत शिरायची.

आमच्या मागच्या अंगणात त्यांनी वाफे केले होते. पहिल्या हिवाळ्यात गावोगावचा जवस लावला, त्याला आपल्या हाताने तांबेरा लावला, आणि सगळाच्या सगळा वाळून गेला. तेव्हा मला कळलं की त्यांना हवं होतं ते रोगाला पुरून उरणारं झाड. ते एक तरी मिळाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता. गावाहून वडिलांचा निरोप आला, आता आणखी एकच हिवाळा, नाहीतर कारखान्यात कारकुनी धर. ह्यांनी साहेबाकडे शब्दही टाकून ठेवला. भाऊजी हो म्हणाले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या वर्षी सुपेल्याच्या मागे राहणारी एक म्हातारी त्यांना भेटली. तिचं गाव कारखान्याच्या जागेत गेलं होतं. ती म्हणाली, "हमर खेत मा गेरुआ कभू नइ आइस, बाबू." तिच्या शेतात गेरवा कधी आलाच नव्हता, असं. तिच्याकडे मूठभर बी उरलं होतं. बाकीच्याची तिने चटणी करून खाल्ली होती आणि ते शेत तर आता भट्टीखाली होतं. ती मूठ घेऊन भाऊजी घरी आले तेव्हा सायकल चालवत नव्हते, हाताने ढकलत होते. दाणे सांडतील म्हणून.

ते बी उगवून हातभर झालं आणि भाऊजींनी त्याला रोग लावायला घेतला. संध्याकाळी रंगाच्या कुंचल्याने एकेका पानावर ती भुकटी लावायची, देवाला गंध लावावं तशी, आणि वर ओली पोती पांघरायची. सासूबाईंना ते बघवत नसे. "कावून रे बाबू? खेळत्या लेकराले कोनी गोवर लावून देते का?" हे म्हणायचे, "मी दिवसभर लोखंडावरचा गंज खरवडतो, आणि हा घरी गंज पेरून राहिला!"

मी भाऊजींशी फारसं बोलत नसे. वाढायचं आणि आत जायचं. पण एकदा चहा द्यायला गेले आणि तोंडून निघून गेलं, "याला कळतं का, की रोग आला?"

भाऊजी चहा विसरले. वाफ्याजवळ उकिडवे बसून मला म्हणाले, "वहिनी, आपल्याले बरं नसलं तर आपण दवाखान्यात जातो. हे जागचं हलू शकत नाही. याले डोळे नाहीत, कान नाहीत. पण एखाद्या झाडाले समजते. रोग पानात शिरला की शिरला तेवढीच जागा ते स्वतःच मारून टाकते. तिथं टाचणीच्या टोकाएवढा डाग पडते. तांबेऱ्याले जिवंत पान लागते ना, तो तिथंच उपाशी मरते. अन् ज्याले समजत नाही, ते झाड दोन-चार दिवस जास्त हिरवंगार दिसते. मग सारं गेरूनं माखते."

"कसं समजतं पण?"

"तेच तर मी शोधून राहिलो, वहिनी. अजून कोणालेच नीट माहीत नाही."

मी चौथी शिकलेली बाई. एवढा शिकलेला माणूस मला माहीत नाही म्हणतो, आणि ते सांगताना त्याचे डोळे चमकतात, याचंच मला नवल वाटलं. त्या दिवशी मेथी निवडताना माझा हात हळू चालत होता.

डाग दिसायच्या सुमाराला भाऊजी अहिवाऱ्याला गेले आणि मी सुपेल्याला किराणा आणायला. दोघं एकदमच परत पोचलो तर सासूबाई दारातच उभ्या, पदर खोचलेला, हात मातीचे. जन्म शेतीत गेलेली बाई. वाफ्यात रोगट रोप दिसलं की पसरायच्या आत उपटून टाकायचं, हे त्यांच्या हाताला कोणी शिकवावं लागत नसे.

"बाबू, तुह्यं काम करून टाकलं," त्या म्हणाल्या. "जेवढ्याइवर डाग व्हते, तेवढे सारे उपटले. आता पाह्य कसं हिरवंगार हाये!"

रोपं भिंतीशी उन्हात पडली होती. भाऊजी धावले, एक उचललं, भिंग लावलं आणि ओरडले, "वहिनी, बघा! समजलं याले! म्हातारीचं खरं होतं!" आनंदाने त्यांनी ते रोप उंच धरलं. मुळांची माती त्यांच्या डोक्यावर पडली. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या हातात काय आहे. ते रोप त्यांनी हळूच भिंतीशी परत ठेवलं.

सासूबाईंना चूक समजायला वेळ लागला नाही. त्या रडल्या नाहीत. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून म्हणाल्या, "सूनबाई, पानी आन व."

"मावशी, जवसाचं रोवणं होत नाही. वाळून जाते."

"तू चूप राय. बांध्याच्या बांध्या धान रोवला म्या."

आम्ही दोघींनी चिखल केला. त्या धानासारखी वाकून रोवत गेल्या, मागे मागे सरकत, आणि भाऊजी गुपचूप मागून ओली पोती टाकत राहिले. पुढच्या दिवसांत एकेक रोप मान टाकत गेलं. हिरवीगार होती तीही भाऊजींनी सांगितलं होतं तशीच गेरूने माखली, आणि ती पाहून ते पहिल्यांदाच खुलले नाहीत. रोवलेल्यांपैकी भांडी घासायच्या दगडाजवळचं एक तेवढं तगलं. वाकडं, किडकिडीत. फाल्गुनात त्याने निळी फुलं धरली आणि मग बोंडं.

जाताना भाऊजींनी काचेची नळी काढली. सासूबाईंनी त्यात बी भरू दिलंच नाही. "काचेत जीव गुदमरते त्याचा." आपल्या लुगड्याची चिंधी फाडून त्यांनी बी बांधलं आणि हा होणारा डॉक्टर ती पुरचुंडी छातीशी धरून गाडीत बसला. त्या बियांवर पुढे प्रबंध पुरा झाला. नोकरी लागली ती फार दूर. ह्यांनी टाकलेला शब्द वायाच गेला.

त्यानंतर सासूबाई अंगणातलं गवतसुद्धा उपटू देत नसत. "राहू दे, त्याले काही समजलं असंन," म्हणायच्या. आमचं अंगण म्हणजे रान झालं होतं. त्या गेल्या तेव्हा ऐन हिवाळा होता. तेराव्याला भाऊजी आले, केस पिकलेले. माणसांत बसायच्या आधी मागच्या अंगणात गेले. दगडापाशी सांडलेलं बी दरसाल आपोआप उगवत होतं. त्यांनी एक पान उलटलं, आणि खिशातलं भिंग न काढता ते पान माझ्यापुढे धरलं. बारीक डाग होते.

"कसं समजतं, सापडलं का भाऊजी?" मी विचारलं. आयुष्यात त्यांना विचारलेला हा माझा तिसरा प्रश्न असेल.

"थोडंसं," ते म्हणाले. "पुरतं नाही, वहिनी." आणि सासूबाईंनी रोपं रोवली होती त्या जागेपाशी उकिडवे बसले.

आता मलाही दिसायला कमी झालं आहे. थंडी पडली की मी दगडापाशी बसते आणि पानांवरून बोट फिरवते. डाग बोटाला लागत नाहीत. तरी मी एकही रोप उपटत नाही.